हसू नायकाचे, हसे कुणाचे?

विडंबन हा विषय शिकवताना वर्गात एक विधान हमखास ऐकू येते. एखाद्या जुन्या गोष्टीची टिंगल केली, की तिची चिकित्सा आपोआप होते, असे ते विधान. उत्तरपत्रिकांतही ते सापडते आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी काहींच्या जुन्या टिपणांतही सापडेल. साम्राज्याच्या काळातील एखादा गोरा शिकारी पडद्यावर विनोदी करून दाखवला, तर तो चित्रपट साम्राज्यविरोधी ठरतो. पिळदार नायकाच्या डोळ्यांत खोटी चमक भरली, तर पुरुषार्थाच्या कल्पनेला धक्का बसतो, असे आपण सहज मानून जातो. हे गृहीतक तपासण्याजोगे आहे आणि त्यासाठी एक आटोपशीर कालखंड उपलब्ध आहे. साधारणपणे १९७३ ते १९८५ या वर्षांत इंग्रजी चित्रपटसृष्टीने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या संधिकाळातील, आणि त्याही पुढच्या स्वस्त मासिकांतील साहसी नायक पुन्हा बाहेर काढले. त्यांना तेच कपडे चढवले, त्याच तलवारी हाती दिल्या आणि त्यांच्यावर विश्वास मात्र ठेवला नाही. त्यांतील काही चित्रपटांचा हा धावता इतिहास.

प्रथम एका शब्दाविषयी. या चित्रपटांच्या जातकुळीला इंग्रजी समीक्षेत 'कॅम्प' म्हणतात. पुण्याच्या वाचकाला या शब्दाने लष्कराची छावणी आणि तिथले बेकरीवाले आठवतील, पण इथे अर्थ वेगळा आहे. मुद्दाम अतिरेकी, भडक, नाटकी असण्यात रस घेणारी ही एक अभिरुची आहे. क्रिस्टोफर इशरवूडने १९५४ च्या एका कादंबरीत तिची चर्चा केली होती. पण तिला खरी प्रतिष्ठा मिळाली ती सुझन सॉन्टॅगच्या १९६४ सालच्या निबंधामुळे. 'पार्टिझन रिव्ह्यू' मध्ये आलेला हा निबंध ५८ क्रमांकित टिपणांचा आहे. सॉन्टॅगची एक विभागणी आपल्या कामाची आहे. अजाणता घडलेला कॅम्प आणि ठरवून केलेला कॅम्प असे ती दोन प्रकार मानते आणि पहिल्याला अस्सल समजते. ज्याने अत्यंत गंभीरपणे काही भव्य करायला घेतले आणि ज्याचा तोल गेला, त्याच्या कलाकृतीवर प्रेक्षक प्रेमाने हसतो. उलट आपण हास्यास्पद आहोत हे आधीच ठाऊक असलेली कलाकृती बहुधा फिकी पडते. ही अभिरुची समलिंगी पुरुषांच्या संस्कृतीत वाढली, हेही सॉन्टॅग नोंदवते. ज्यांना समाजात सतत कसले तरी सोंग वठवावे लागते, त्यांना सोंगाची पारख इतरांपेक्षा अधिक असते, यात नवल नाही.

मराठीत यासाठी नेमका एक शब्द नाही. चेष्टा, विडंबन, फार्स, सोंग हे सगळे जवळपास येतात, पण पूर्ण जुळत नाहीत. अनुभव मात्र आपल्याला परका नाही. तमाशातल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी साक्षात श्रीकृष्णाची फिरकी घेतात आणि तरीही त्याआधी झालेला गण खोटा ठरत नाही. वगातला राजा मूर्ख असतो, कोतवाल लाचखाऊ असतो आणि प्रेक्षकाला गावातला पाटील आणि फौजदार आठवतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' ने १९६५ नंतर हीच गंमत शहरी रंगमंचावर आणली. या हसण्याचा रोख स्पष्ट असतो: ते खालून वर जाते. हा रोख लक्षात ठेवून पुढे जाऊ.

दुसरी गोष्ट अशी, की जुना साहसी नायक पहिल्यापासूनच थोडा सोंगाड्या होता. बॅरोनेस ऑर्झीचा 'स्कार्लेट पिंपर्नेल' १९०३ मध्ये नाटकात आणि १९०५ मध्ये कादंबरीत आला. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली जाणाऱ्या उमरावांना सोडवणारा हा वीर एरवी लंडनच्या बैठकांतून कपड्यांच्या घड्या नीट करीत हिंडणारा छानछोकी गृहस्थ असतो. जॉन्स्टन मॅक्कलीने १९१९ मध्ये एका मासिकातील क्रमशः कथेतून झोरोला जन्म दिला, तेव्हा हीच युक्ती वापरली. दिवसा सुस्त, नाजूक डॉन दिएगो आणि रात्री काळा मुखवटा. म्हणजे या नायकांचे नाटकीपण सत्तरीच्या दशकातल्या दिग्दर्शकांनी बाहेरून आणलेले नाही. वाचकाने आजवर ज्याकडे कानाडोळा केला होता, ते त्यांनी उजेडात आणले.

मग तेव्हाच का? अमेरिकेत १९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर 'बॅटमॅन' मालिका सुरू झाली आणि नायक मख्ख चेहऱ्याने बोलतो आहे, प्रेक्षक हसतो आहे, हा मामला घरोघरी पोचला. पुढे व्हिएतनामचे युद्ध आणि १९७४ साली राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यायला लावणारे वॉटरगेट प्रकरण. ब्रिटनचे साम्राज्य तोवर जवळजवळ संपले होते. एकटा गोरा पुरुष दूरदेशी जातो आणि तिथल्या भानगडी निस्तरून येतो, ही कथा सरळ चेहऱ्याने सांगणे अवघड झाले होते. पण तिचा पोशाख, घोडे, किल्ले यांचा मोह सुटला नव्हता. नायक हवा, पण त्याची जबाबदारी नको, अशी ती अवस्था होती.

या मालिकेतला पहिला आणि आमच्या मते सर्वांत समृद्ध टप्पा रिचर्ड लेस्टरचा. अलेक्झांडर द्यूमाची 'थ्री मस्केटिअर्स' १८४४ मध्ये पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः आली. लेस्टरने तिच्यावर १९७३ आणि १९७४ मध्ये दोन चित्रपट केले. खरे तर चित्रीकरण एकाच चित्रपटाचे म्हणून झाले आणि निर्मात्यांनी त्याचे दोन तुकडे केले. नटांनी त्यावरून भांडण केले आणि पुढे अमेरिकन नटांच्या करारांत याविरुद्ध खास कलम आले. इथले द्वंद्व म्हणजे नृत्य नव्हे. कपडे धुण्याच्या जागी मारामारी होते, तिथे ओल्या कापडांचा उपयोग शस्त्रासारखा होतो. माणसे घसरतात, धापा टाकतात, तलवार जड आहे हे दिसते. राजा कुत्र्यांच्या सोंगट्या करून बुद्धिबळ खेळतो, आणि पालखीसारखी खुर्ची वाहणारे भोई मालकांच्या नावाने पुटपुटत राहतात. ही पुटपुट द्यूमात नाही. ती लेस्टरची भर आहे आणि तिच्यात सगळा दृष्टिकोन आला आहे. या साहसाचा खर्च कोण सोसते, हे दिग्दर्शक कानाकोपऱ्यातून ऐकवत राहतो.

या चित्रपटातील बोनास्यो, म्हणजे नायिकेचा भित्रा नवरा, स्पाइक मिलिगनने केला. मिलिगनचा जन्म १९१८ मधला, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश फौजेत होते आणि त्याच्या बालपणाचा काही भाग पुण्यात गेला. पुढे 'गून शो' या रेडिओ कार्यक्रमातून त्याने इंग्रजी विनोदाची घडीच विस्कटली. कवायत, हुद्दे आणि बिगुल यांच्या सावलीत वाढलेल्या मुलाला फौजी रुबाब किती पोकळ असू शकतो, हे जवळून दिसले असणार. लेस्टर आणि मिलिगन यांची ओळख त्या काळापासूनची. म्हणून हा विनोद वरवरचा वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे, लेस्टर मरणाची चेष्टा करीत नाही. दुसऱ्या भागात कॉन्स्टन्स मरते, मिलेडीला मृत्युदंड होतो, आणि हसत आलेला प्रेक्षक गप्प होतो. हसवून झाल्यावर किंमत मोजायला लावणारा हा चित्रपट आहे.

त्याची पटकथा जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझरची. त्याने १९६९ मध्ये एक वेगळाच खेळ सुरू केला होता. टॉमस ह्यूजच्या १८५७ च्या शाळकरी कादंबरीतील फ्लॅशमन नावाचा दांडगट मुलगा त्याने उचलला आणि त्याला साम्राज्याचा मानकरी केले. फ्लॅशमन भेकड, लबाड आणि स्त्रीलंपट आहे. पण नशिबाने प्रत्येक रणांगणावरून तो सन्मान घेऊन परततो. 'रॉयल फ्लॅश' या कादंबरीवर लेस्टरनेच १९७५ मध्ये चित्रपट केला. हे अँथनी होपच्या १८९४ मधील 'प्रिझनर ऑफ झेंडा' चे विडंबन. होपचा इंग्रज सद्गृहस्थ राजाच्या जागी उभा राहतो आणि कर्तव्यासाठी प्रेमाचा त्याग करतो. फ्लॅशमन तेच सोंग जबरदस्तीने घेतो आणि संधी मिळताच पळ काढतो. नायकाचा मुखवटा इतक्या निर्दयपणे फाडलेला दुसरा चित्रपट या काळात नसेल.

परंतु इथेच पहिली शंका येते. त्याच १९७५ साली फ्रेझरने फ्लॅशमनला १८५७ च्या उठावात आणून सोडले आणि झाशीच्या राणीसमोर उभे केले. कादंबरी माहितीपूर्ण आहे, कंपनी सरकारच्या सूडाची क्रूरता ती लपवत नाही. पण राणी तिथे प्रामुख्याने निवेदकाच्या लालसेतून दिसते. आपल्याकडे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आहे. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या या वृत्तान्ताचा लेखक वेढ्याच्या वेळी झाशीतच होता. भटजीही विनोदाला पारखे नाहीत, पण त्यांच्या पानांवरची झाशी ही माणसांची, विहिरींची, प्रेतांची झाशी आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की ध्यानात येते: निवेदकाला भेकड ठरवले तरी पाहण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. नायक लहान होतो; कॅमेरा मात्र त्याच्याच खांद्यावर असतो.

१९७५ च्या जून महिन्यात अमेरिकेत आलेला 'डॉक सॅव्हेज: द मॅन ऑफ ब्रॉन्झ' हा ठरवून केलेल्या कॅम्पचा नमुना म्हणावा लागेल. डॉक सॅव्हेज हा १९३३ मध्ये सुरू झालेल्या एका स्वस्त मासिकाचा नायक. लेस्टर डेंट या लेखकाने बहुतेक कथा केनेथ रोबसन या प्रकाशकी टोपणनावाने लिहिल्या. वैद्य, संशोधक, मल्ल असा सर्वगुणसंपन्न पुरुष, त्याचे पाच साथीदार, गगनचुंबी इमारतीच्या ८६ व्या मजल्यावरील कचेरी आणि ध्रुवप्रदेशातील एकान्त आश्रयस्थान. मासिक १९४९ मध्ये बंद पडले. १९६४ पासून त्या कथा पुस्तकरूपाने पुन्हा निघू लागल्या आणि नव्या पिढीच्या मुलांनी त्या मनापासून वाचल्या. निर्माता जॉर्ज पाल आणि दिग्दर्शक मायकेल अँडरसन यांनी या वाचकांकडे पाहून जणू डोळा मिचकावला. शब्दशः मिचकावला: नायक रॉन इलायच्या डोळ्यांत चित्रून काढलेली चमक लकाकते. पार्श्वसंगीत म्हणून सूझाच्या लष्करी कवायतगीतांचा मारा होतो. अखेरच्या हाणामारीत कोणत्या पद्धतीची कुस्ती वा मुष्टियुद्ध चालू आहे, याच्या पाट्या पडद्यावर उमटतात. चित्रपट पडला. त्याच महिन्यात 'जॉज' लागला आणि प्रेक्षक तिकडे धावले. पालचा हा शेवटचा चित्रपट ठरला. शेवटी जाहीर केलेला पुढचा भाग कधीच निघाला नाही.

अपयशापेक्षा आम्हांला एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. मूळ कथांत डॉक सॅव्हेज पकडलेल्या गुन्हेगारांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांना 'चांगले' करतो. तिसाव्या दशकातील ही कल्पना आज वाचताना अंगावर काटा येतो. त्या दशकात माणसे 'सुधारण्याच्या' विज्ञानाचे कोणकोणते प्रयोग झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. चित्रपटाने या कल्पनेवर बोट ठेवायला हवे होते. त्याने काय केले? खलनायक शस्त्रक्रियेनंतर नाताळात धर्मादाय संस्थेच्या बँडचा प्रमुख होऊन हसतमुखाने वाजवताना दाखवला. नायकाच्या दंडांवर, त्याच्या शपथेवर, त्याच्या गणवेषावर विनोद झाले. जे खरोखर भयंकर होते ते गोड करून गिळायला दिले. टिंगल इथे मुलाम्याचे काम करते.

१९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला आणि वारे फिरले. जुन्या साहसकथेचा ऐवज सरळ चेहऱ्याने मांडता येतो, हे त्याने दाखवले. १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' ने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच १९८१ मध्ये 'झोरो, द गे ब्लेड' आला. जॉर्ज हॅमिल्टनने यात जुळ्या भावांची भूमिका केली. दिएगोचा पाय दुखावतो आणि त्याचा भाऊ रामोन झोरोची जागा घेतो. हा भाऊ इंग्लंडच्या नौदलात राहून, नाव बदलून, नटवा होऊन परतला आहे. मुखवट्याच्या रंगाला शोभेलसा रंगीत पोशाख प्रत्येक वेळी नवा. समलिंगी पुरुषाचे हे चित्र साचेबंद आहे आणि आजच्या प्रेक्षकाला ते खटकेल, खटकायलाही हवे. पण कथेत हा भाऊ कुठेही भित्रा ठरत नाही. तो चाबूक चालवतो, रयतेला सोडवतो आणि जुलमी अधिकाऱ्यालाच हास्यास्पद करतो. १९४० च्या 'मार्क ऑफ झोरो' चा दिग्दर्शक रूबेन मामूलियन याला हा चित्रपट अर्पण केला आहे, हेही बोलके आहे. ज्याची चेष्टा करायची, त्याच्यावर आधी प्रेम असावे लागते. झोरोचे नाजूकपण हे सोंग आणि शौर्य हे सत्य, अशी जुनी वाटणी होती. इथे नाजूकपणही खरे आणि शौर्यही खरे. साचेबंद का होईना, चित्रपट मूळ कथेपेक्षा एक पाऊल पुढे जातो.

शेवटचे उदाहरण या प्रश्नाचा निकाल लावते. रायडर हॅगार्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' १८८५ सालची. बरोबर शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅनन या कंपनीने जे. ली. टॉम्प्सनकडून तिच्यावर चित्रपट करून घेतला. लेस्टरच्या चित्रपटात आरामिस झालेला रिचर्ड चेंबरलेन इथे ॲलन क्वाटरमेन आहे. 'रेडर्स' चे यश डोळ्यांसमोर होते. जर्मन खलनायक आहेत, वाग्नरचे संगीत आहे, धावपळ आहे. चित्रीकरण झिम्बाब्वेत झाले, ज्या देशाला स्वतंत्र होऊन पाचच वर्षे झाली होती. आणि या चित्रपटातला सर्वांना आठवणारा प्रसंग कोणता? नरभक्षक टोळी नायक-नायिकेला घरभर मोठ्या पातेल्यात, भल्यामोठ्या खोट्या भाज्यांसह शिजायला टाकते. व्यंगचित्रांत झिजून गेलेला हा विनोद. प्रेक्षकाने तो 'विनोद आहे' म्हणून सोडून द्यावा, अशी अपेक्षा.

आता हॅगार्डकडे वळू. त्याची कादंबरी साम्राज्याच्या ऐन भरातली आहे आणि तिच्यात वर्णभेदाची रेषा ठळक आहे. गोऱ्या गुडवर प्रेम करणारी फौलाटा मरते आणि ते मीलन घडू नये हे योग्यच, असे तिच्याच तोंडी घातले आहे. याचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्या कादंबरीत पातेले नाही. कुकुआना लोकांना तिथे सैन्य आहे, कायदा आहे, राजकारण आहे. क्वाटरमेन हा पंचावन्न वर्षांचा, स्वतःला भित्रा म्हणवणारा, किरकोळ अंगाचा माणूस आहे. म्हणजे नायकाची चेष्टा हॅगार्डने आधीच करून ठेवली होती. सगळ्यांत विनोदी पात्र म्हणजे कॅप्टन गुड. अर्धी दाढी केलेली, एका डोळ्याला काच, खोटे दात आणि विजार नसल्याने उघडे पडलेले पांढरे पाय: इंग्रज नौदलाचा हा अधिकारी त्या अवस्थेत देव ठरतो आणि बिचाऱ्याला पुढे तसेच हिंडावे लागते. हसे होते ते इंग्रजाचे.

आणि तिथे इग्नोसी आहे. उम्बोपा या नावाने नोकर म्हणून सोबत आलेला हा माणूस देशोधडीला लागलेला हक्काचा राजा असतो. सिंहासन मिळाल्यावर तो मित्रांना निरोप देतो आणि बजावतो, की बंदुका आणि दारू घेऊन येणारे व्यापारी आणि प्रार्थना शिकवायला येणारे धर्मोपदेशक यांना माझ्या देशाची वाट बंद. हे तिघे मित्र अपवाद. १८८५ हे वर्ष लक्षात घ्या. युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणारी बर्लिन परिषद त्याच वर्षी आटोपली होती. त्या वर्षी एका इंग्रज लेखकाच्या पोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक काळा राजा 'नाही' म्हणतो. १९३७ च्या चित्रपटात ही भूमिका पॉल रोबसनसारख्या नटाला मिळाली होती. १९८५ च्या चित्रपटातही उम्बोपो आहे, तोही अखेर राजाच ठरतो. पण आधीच्या धांगडधिंग्यात त्याच्या राजेपणाला वजन उरत नाही. साम्राज्यवादी कादंबरीने काळ्या माणसाला नकाराचा हक्क दिला होता. साम्राज्याची टिंगल करू पाहणाऱ्या चित्रपटाने त्याला पातेले दिले.

म्हणून वर्गात आम्ही आता एवढेच सुचवतो. विडंबन दिसले की लगेच 'चिकित्सा' असा शेरा मारू नये. आधी पाहावे, की हसण्याचा रोख कुठून कुठे आहे: भोई मालकाला हसतो आहे, की मालक भोयाला? दुसरे, चेष्टेत नेमके काय वाचवले जाते आणि काय बळी दिले जाते? डॉक सॅव्हेजची शपथ बळी गेली, शस्त्रक्रिया वाचली. तिसरे, मूळ पुस्तक पुन्हा उघडावे. जुने पुस्तक आपण समजतो तितके भाबडे बहुधा नसते, आणि नवी टिंगल आपण समजतो तितकी शहाणी बहुधा नसते. लेस्टरच्या भोयांची पुटपुट आणि झोरोच्या भावाचा रंगीत अंगरखा यांत चिकित्सा आहे, कारण मूळ कथेत ज्याला बोलायला जागा नव्हती त्याला ती तिथे मिळते. क्वाटरमेनच्या पातेल्यात ती नाही.

अर्थात हे सारे चित्रपट पाहताना आम्हीही हसलो आहोत, पातेल्याच्या प्रसंगीसुद्धा. तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो आणि हॅगार्ड वाचलेला नव्हता. वाचल्यावर लाज वाटली ती हसण्याची नव्हे. आपण कुणाला हसलो, हे इतकी वर्षे विचारलेच नाही, याची.